आय-नाईन घेतल्याने ऑर्डर आधी लागत नाही

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. ‘घरच्या घरी प्रोफेशनल ट्रेडिंग पीसी’ असं त्याचं शीर्षक. राजेंद्र नगर असो, लोकमान्य नगर असो की रामबाग, भिशीच्या तारखा आणि मुंजीच्या आमंत्रणांच्या मध्ये तो कुठेतरी येऊन बसलेला असतो. लिहिणाऱ्याचं नाव नाही. मजकुराचा सारांश असा: प्रोसेसर जितका जोरदार तितकी शेअरबाजारातली ऑर्डर आधी लागते, म्हणून इंटेलचा आय-नाईनच घ्या, त्यात २४ कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) म्हणजे २४ चार्ट एकदम, परवडत नसेल तर सर्व्हरमधला जुना झिऑन घ्या, त्यातही कोअर भरपूर, नावात ‘एफ’ असलेला प्रोसेसर स्वस्त पडतो, शिवाय गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड हवंच, चार मॉनिटरसाठी स्प्लिटर लावा, रॅम ६४ जीबी, प्रोसेसर ठरल्यापेक्षा जोरात पळवा (ओव्हरक्लॉकिंग), थंड ठेवायला पाण्याचा कूलर, १००० वॅटचा पॉवर सप्लाय, घरात इन्व्हर्टर आहे, यूपीएसवर पैसे घालू नका, विंडोज आणि चार्टचं सॉफ्टवेअर दुकानदार फुकट टाकून देतो. शेवटची ओळ, ‘महिनाभरात सगळा खर्च वसूल.’

गेमिंग पीसीची एखादी यादी उचलून ‘गेमिंग’च्या जागी ‘ट्रेडिंग’ घातलं की जे तयार होतं, ते हे आहे. मी कॉम्प्युटर जोडून देण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. ही यादी फोनमध्ये घेऊन सिल्व्हर मॉलच्या, म्हणजे इथल्या कॉम्प्युटर बाजाराच्या, जिन्यावर उभी राहिलेली माणसं आता ओळखू येतात. त्यांतले बरेच निवृत्त आहेत, ग्रॅच्युइटीच्या पैशातून हे करू पाहताहेत. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘प्रोसेसर जितका जोरदार, तितकी ऑर्डर आधी.’ बाकीच्या सगळ्या खर्चाला हाच मुद्दा कारण म्हणून दिलेला आहे, तेव्हा इथे जरा वेळ थांबू.

तुम्ही ‘बाय’वर क्लिक करता तेव्हा काय होतं? कॉम्प्युटर काहीशे अक्षरांचा एक छोटा निरोप बनवतो, तो कुलूपबंद म्हणजे एन्क्रिप्ट करतो आणि राउटरकडे देतो. तुमच्या प्रोसेसरचं काम इथे संपलं. आय-थ्री असो की आय-नाईन, हे काम एका मिलिसेकंदाच्या आत होतं. पुढे तो निरोप इंटरनेट कंपनीच्या तारांतून ब्रोकरच्या सर्व्हरवर जातो. तिथे तुमच्या खात्यात मार्जिन, म्हणजे सौद्यापुरते पैसे, आहेत का हे तपासलं जातं, मग तो एक्स्चेंजकडे, म्हणजे शेअरबाजाराकडे जातो. एक्स्चेंजच्या रांगेचा नियम आधी भाव, मग वेळ असा आहे. एकाच भावाच्या दोन ऑर्डरी असतील तर आधी पोहोचलेली पुढे. मजकूर लिहिणाऱ्याने हा नियम कुठेतरी ऐकलेला दिसतो. ‘वेळ’ कुठे जातो हे मात्र त्याने पाहिलं नाही.

इंदूर ते मुंबई सरळ रेषेत मोजलं तरी पाचशे किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर धावतो. म्हणजे तार नाकासमोर टाकली असती तरी एका बाजूचे अडीच मिलिसेकंद गेले. प्रत्यक्षात तार वळणं घेत जाते, वाटेत स्विच आणि राउटर लागतात, आणि घरचं कनेक्शन जाऊन-येऊन काही दहा मिलिसेकंद खातं. तुमचा ६० हर्ट्‌झचा मॉनिटर नवीन चित्र दाखवतो दर १६.७ मिलिसेकंदांनी. भाव दिसल्यापासून बोट हलेपर्यंत माणसाला सेकंदाचा पाचवा ते चौथा हिस्सा लागतो, तोही सकाळचा चहा झालेला असेल तर. या सगळ्या बेरजेत प्रोसेसर बदलून वाचणारा वेळ शोधायला भिंग लागेल.

खरी शर्यत आहे, पण ती दुसरीकडे चालते. एनएसई, म्हणजे मुंबईतला राष्ट्रीय शेअरबाजार, २०१० पासून को-लोकेशन देते. दलाल आणि मोठ्या संस्था आपले सर्व्हर वांद्रे-कुर्ला संकुलात एक्स्चेंजच्याच आवारात, ऑर्डरी जुळवणाऱ्या मॅचिंग इंजिनाच्या शेजारच्या रॅकमध्ये ठेवतात. तिथला हिशेब मायक्रोसेकंदांत होतो, म्हणजे आपल्या मिलिसेकंदाचा हजारावा भाग. प्रत्येक ऑर्डरीची नोंद असलेला टिक-बाय-टिक डेटाही तिथेच मिळतो. आपल्या स्क्रीनवर ब्रोकरकडून जे भाव येतात, ते अधूनमधून काढलेले फोटो असतात. दोन फोटोंच्या मध्ये काय काय झालं ते आपल्याला दिसतच नाही. मग सहा गिगाहर्ट्‌झचा प्रोसेसर करतो काय? पुढचा फोटो येण्याची वाट बघतो. आय-थ्रीसुद्धा तेवढंच करतो.

ज्याला खरोखर प्रोग्रॅमने ऑर्डरी टाकायच्या आहेत, त्याने घरची पेटी मोठी करण्याऐवजी मुंबईतल्या डेटा सेंटरमध्ये छोटा सर्व्हर भाड्याने घ्यावा. ॲमेझॉनचं क्लाउड मुंबईत २०१६ पासून आहे. पाचशे किलोमीटर एका दमात कापले जातात, आणि घरची वीज गेली तरी प्रोग्रॅम चालू राहतो. ब्रोकरच्या एपीआयवर, म्हणजे प्रोग्रॅमला ऑर्डर टाकण्यासाठी दिलेल्या वाटेवर, सेकंदाला किती ऑर्डरी टाकता येतील याला मर्यादा असते, ती मात्र कुठल्याही प्रोसेसरने वाढत नाही.

घरात याबाबतीत करण्यासारखं एकच काम आहे, आणि ते दोन-तीनशे रुपयांत होतं. वाय-फाय सोडा आणि राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंत लॅन केबल ओढा. वाय-फायवर सरासरी वेग ठीक असतो, पण मधूनच एखादा निरोप अडखळतो. शेजारच्या सहा घरांचे राउटर त्याच हवेत बोलत असतात. केबल लावली की ते अडखळणं थांबतं. मजकुरात केबलचा उल्लेखही नाही.

‘२४ कोअर म्हणजे २४ चार्ट एकदम.’ आय-नाईनमधल्या आय९-१४९००के या मॉडेलमध्ये खरोखर २४ कोअर आहेत: ८ दमदार आणि १६ काटकसरीचे. पण एका चार्टचं रेखाटन बहुतेक वेळा एकाच धाग्यावर, म्हणजे एका वेळी एकाच कोअरवर चालतं. सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊबाजारात एका कढईत एकच कारागीर जिलबी पाडतो; बाजूला आणखी तेवीस उभे केले तरी त्या कढईतली जिलबी लवकर निघत नाही. ब्राउझरचे वेगवेगळे टॅब वेगवेगळ्या कोअरवर वाटले जातात हे खरं, पण आठ-दहा चार्टना चार ते सहा चांगले कोअर पुरून उरतात. भाव सेकंदात एक-दोनदाच बदलत असेल तर मधल्या काळात ते बसूनच असतात. विश्वास बसत नसेल तर बाजार चालू असताना टास्क मॅनेजर उघडा आणि प्रोसेसरचा वापर किती टक्के आहे ते पाहा.

कोअर कुठे लागतात हेही सांगायला हवं, नाहीतर हा प्रतिवादही त्या मजकुरासारखाच एकांगी होईल. तुम्ही बॅकटेस्टिंग करत असाल, म्हणजे निफ्टी ५०० मधल्या सगळ्या शेअरांवर दहा वर्षांच्या डेटाची चाळणी लावून नियम तपासत असाल, तर कोअर वाढवल्याचा फायदा थेट घड्याळात दिसतो. तिथेही आधी सॉफ्टवेअर बघा. ॲमीब्रोकर या चार्ट आणि बॅकटेस्टिंगच्या सॉफ्टवेअरची प्रोफेशनल आवृत्ती ३२ धागे वापरते, स्टँडर्ड फक्त २. स्टँडर्ड घेऊन खाली २४ कोअर ठेवले तर २२ जणांना सुट्टी. पायथन भाषेत पांडाज या डेटा हाताळायच्या साधनावर लिहिलेला साधा प्रोग्रॅमही मुद्दाम वाटणी करून दिल्याशिवाय एकाच कोअरवर रखडतो. बॅकटेस्टिंग रोजचं असेल तर इंटेलचा आय५-१४५००, ज्यात १४ कोअर आहेत, किंवा एएमडी कंपनीचा आठ कोअरचा एखादा रायझन ७ भरपूर झाला.

आय-नाईनबद्दल एक गोष्ट तो मजकूर चुकूनही बोलत नाही. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या वरच्या डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मिळून ते कायमचे खराब होण्याची तक्रार २०२४ मध्ये जगभर गाजली. प्रोग्रॅम अचानक बंद पडणं, निळा पडदा येणं, अशी लक्षणं. कंपनीने ऑगस्ट २०२४ मध्ये ०x१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची नवी आवृत्ती) आणि पुढच्या महिन्यात आणखी एक दुरुस्ती काढली, आणि वॉरंटी तीनाची पाच वर्षं केली. दुरुस्ती बायोस, म्हणजे मदरबोर्डातला प्रोग्रॅम, अपडेट करून घ्यावी लागते, आणि झालेलं नुकसान तिने भरून निघत नाही. आता विचार करा, जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारा आय-नाईन आधीच्या मालकाने कशामुळे काढला असेल? १२व्या पिढीला हा रोग नाही. ज्या यंत्राने सव्वानऊ ते साडेतीन एकदाही मान टाकायची नाही, त्यासाठी मी हे पहिलं बघतो, गिगाहर्ट्‌झ नंतर.

‘बजेट नसेल तर झिऑन.’ एकाच मजकुरात आधी जगातला सर्वांत जोरदार एक-कोअर वेग मागायचा आणि दोन ओळींनंतर दहा वर्षांचा जुना सर्व्हर-प्रोसेसर सुचवायचा, यात काही विसंगती आहे असं लिहिणाऱ्याला वाटलं नाही. झिऑन ई५-२६८० व्ही४ हा त्यातला लाडका. २०१६ चा, १४ कोअर, पण वेग चढून चढून ३.३ गिगाहर्ट्‌झ. चार्टच्या कामात आजचा चार कोअरचा आय३-१२१०० त्याला आरामात मागे टाकतो. झिऑनला स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड आलंच. वीज १२० वॅटच्या हिशेबाने. तो ज्या चिनी बोर्डावर बसतो, त्यावरचा चिपसेट बऱ्याचदा जुन्या बोर्डांतून काढलेला असतो, आणि बोर्ड गेला तर दाद मागायला इंदुरात कोणी नाही. विंडोज ११ अधिकृतपणे त्यावर चालत नाही, आणि विंडोज १० ची मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. सुरक्षेचे अपडेट बंद झालेल्या यंत्रावर डीमॅट खातं उघडायचं, हा सल्ला निवृत्त माणसाला देणाऱ्याचे हात थरथरायला हवे होते.

आता ‘एफ’. “भिया, एफ वाला ले लो, हज़ार-डेढ़ हज़ार बचेंगे,” हे वाक्य दुकानात ऐकू येतंच. दुकानदार खोटं बोलत नाही, पैसे वाचतात. इंटेलच्या नावात एफ असला की प्रोसेसरच्या पोटातलं ग्राफिक्स बंद केलेलं असतं. खेळणाऱ्याला चालतं, तो कार्ड घेणारच असतो. ट्रेडरला पोटातलं ग्राफिक्स हेच खरं कामाचं आहे. चार्ट म्हणजे रेघा आणि आकडे. त्याला गेमिंगचं कार्ड लागत नाही. आय५-१२४०० च्या पोटातलं यूएचडी ७३० दोन-तीन मॉनिटर सहज ओढतं. आणि पुढे कधी कार्ड लावलं आणि ते भर बाजारात मेलं, तर केबल काढून मदरबोर्डाच्या मागे खोचायची आणि काम पुढे चालू. एफ असेल तर त्या क्षणी तुमच्याकडे चालू कॉम्प्युटर असतो आणि काळा पडदा. एएमडीकडे रायझन ५ ७६०० मध्ये छोटं ग्राफिक्स आहे, ७५००एफ मध्ये नाही.

मॉनिटर किती लागतील हे प्रोसेसरपेक्षा मदरबोर्डाच्या मागच्या बाजूला ठरतं. चिपची कुवत चार पडद्यांची असली तरी स्वस्त बोर्डावर एक एचडीएमआय आणि एक जुनं व्हीजीए एवढंच असतं. तेव्हा बोर्ड घेताना डबा उलटा करून मागची भोकं मोजा. तीन मॉनिटर हवे असतील तर एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि आणखी एक असा बोर्ड घ्या, आणि तिन्ही एकदम चालतात का हे त्याच्या पुस्तिकेत बघा. खरोखर चार हवे असतील तर गेमिंग कार्डाऐवजी एनव्हिडियाचं क्वाड्रो पी६२० किंवा टी१००० बघा: चार मिनी डिस्प्लेपोर्ट, पन्नास वॅटच्या आत-बाहेर वीज, आवाज जवळपास नाही. टी४०० असेल तर तीन.

आणि स्प्लिटर! एचडीएमआय स्प्लिटर एकच चित्र दोन पडद्यांवर दाखवतो. मंगल कार्यालयात स्टेजवरचं दृश्य मागच्या टीव्हीवर दाखवायला तो असतो. चार मॉनिटरवर एकच बँक निफ्टी बघायचा असेल तर जरूर घ्या.

रॅमबद्दल फार लिहीत नाही. ब्राउझर, ब्रोकरचं टर्मिनल, एक्सेल, मागे भजनं किंवा क्रिकेट, हे सगळं १६ जीबीत मावतं. बॅकटेस्टिंग करणाऱ्याने ३२ घ्यावी. आठ-आठच्या दोन पट्ट्या लावा, एकच सोळाची नको, म्हणजे दोन्ही वाटा वापरल्या जातात. पोटातलं ग्राफिक्स त्याच रॅमवर चालत असल्याने इथे फरक पडतो. २०२५ च्या शेवटी एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीचा माल उचलल्यामुळे रॅमचे भाव असे चढले की ६४ जीबीचा सल्ला आज फुकट मोठेपणाचा झाला आहे. तेच एसएसडीचं. एनव्हीएमई घ्या, ५०० जीबी किंवा १ टीबी. सेकंदाला ३,५०० मेगाबाइटची आणि ७,००० ची यांत चार्ट उघडताना फरक शोधून सापडणार नाही.

पाण्याचा कूलर आणि ओव्हरक्लॉकिंग हे दोन सल्ले एकमेकांचा हात धरून येतात. आय९-१४९००के पूर्ण जोरात २५३ वॅटपर्यंत जातो, त्याला मोठा कूलर लागतो हे खरं. पण तो घ्यायचाच नाही म्हटल्यावर पाणी कशाला? १२४०० ला डब्यातला पंखा पुरतो, हजार-दीड हजाराचा उभा एअर कूलर लावला तर आवाजही कमी होतो. मे महिन्यात इंदूर चाळीस अंशांच्या वर जातं आणि दुपारी खोलीतली हवाच गरम असते. तिथे पंप बंद पडू शकेल अशी वस्तू आत ठेवण्यात शहाणपण नाही. पंखा बिघडला तर कुरकुरतो, आधी कळतं. पंप मेला तर प्रोसेसर तापून स्वतःला आवरतो आणि तुम्ही नेटला शिव्या देत बसता. एमसीएक्स या सोन्या-तेलाच्या वायदेबाजारात संध्याकाळी बसणाऱ्यांचं बरं आहे, माळव्याच्या रात्री गार असतात. स्वच्छतेत शहराचा कितीही पहिला नंबर येवो, कॅबिनेटमध्ये धूळ बसतेच. समोर जाळी असलेला कॅबिनेट घ्या आणि दिवाळी-होळीला ब्लोअर मारा.

आता वीज. माझ्या मते हा या विषयाचा गाभा आहे, आणि मजकुरात तो दोन ओळींत उरकलेला आहे, तोही चुकीचा.

‘१००० वॅटचा पॉवर सप्लाय घ्या.’ आपण वर जुळवलेली पेटी बाजार चालू असताना मॉनिटर सोडून शंभर वॅटही ओढत नाही. मॉनिटर प्रत्येकी वीस-तीस. नाव असलेल्या कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ छाप असलेला ४५० किंवा ५५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर सप्लाय, पुष्कळ झाला. उलट धोका वेगळाच आहे. कॅबिनेटबरोबर फुकट येणाऱ्या हलक्या एसएमपीएसवर ‘५०० वॅट’ छापलेलं असतं, तो छापण्याचा खर्च फक्त शाईचा. प्रोसेसरमध्ये दहा हजार जास्त घालणारा माणूस इथे दोन हजार वाचवतो आणि पुढे बोर्डासकट सगळं जळतं.

‘इन्व्हर्टर आहे, यूपीएस नको.’ घरचा इन्व्हर्टर पंखे-दिव्यांसाठी असतो. वीज गेल्यावर तो बॅटरीवर यायला क्षणभर घेतो. पंख्याला तो क्षण कळत नाही, कॉम्प्युटरला कळतो. एसएमपीएसच्या पोटातले कपॅसिटर पूर्ण भारावर साधारण १६ मिलिसेकंद तग धरतात, त्याहून उशीर झाला की पेटी बंद होऊन पुन्हा सुरू होते. बऱ्याच इन्व्हर्टरांवर ‘यूपीएस मोड’ नावाचं बटण असतं आणि बऱ्याच घरांत ते आयुष्यात कधी दाबलेलं नसतं. आधी ते दाबून बघा. इन्व्हर्टर चौकोनी लहरींचा असेल तर मात्र चांगल्या प्रतीचा एसएमपीएस त्यावर रुसतो. अशा घरात साइन वेव्ह इन्व्हर्टर किंवा वेगळा यूपीएस हाच उपाय. ६०० व्हीएचा साधा यूपीएस म्हणजे ३६० वॅट. एक पेटी आणि दोन मॉनिटर दहा-पंधरा मिनिटं चालतात. तेवढ्यात इन्व्हर्टर सांभाळून घेतो, किंवा तुम्ही पोझिशन आवरून घेता. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते हे लक्षात ठेवा. बहुतेक लोक यूपीएस मेला असं समजून नवाच आणतात.

पेटी यूपीएसवर आणि राउटर भिंतीच्या साध्या सॉकेटवर, हे दृश्य मी जितक्या घरांत पाहतो तितकं दुसरं कुठलं चुकीचं काम पाहत नाही. वीज गेली, पडदा चालू, भाव मात्र गोठलेले. फायबरचा डबा आणि राउटर बहुतेक १२ व्होल्टवर चालतात. त्यांच्यासाठी छोटा बॅटरी-डबा मिळतो, तो काही तास ओढतो. शिवाय फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचं सिम ठेवा आणि हॉटस्पॉट एकदा जोडून पासवर्ड साठवून ठेवा. घाईच्या वेळी पासवर्ड आठवत नसतो. जुन्या वाड्यांतून, राजवाड्याच्या मागच्या गल्ल्यांतून राहणाऱ्यांनी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावं. कॅबिनेटला हात लागल्यावर झिणझिण्या येत असतील तर आय-नाईनचा विचार नंतर करा.

याच ओघात आणखी एक गोष्ट. स्टॉपलॉस, म्हणजे ठरलेल्या भावाला तोटा थांबवणारी ऑर्डर, मनात ठेवू नका, सिस्टीममध्ये टाका. एक्स्चेंजच्या पुस्तकात नोंदलेली स्टॉपलॉस ऑर्डर तुमचा कॉम्प्युटर, राउटर आणि मोहल्ल्याचा ट्रान्सफॉर्मर एकदम गेले तरी तिथेच राहते. आणि ब्रोकरच्या कॉल-अँड-ट्रेडचा, म्हणजे फोनवरून ऑर्डर टाकण्याचा, नंबर कागदावर लिहून मॉनिटरच्या खाली चिकटवा.

‘विंडोज आणि सॉफ्टवेअर दुकानदार फुकट टाकून देतो.’ काय टाकतो ते विचारा. कुलूप तोडलेलं विंडोज आणि कुलूप तोडलेलं चार्टिंग सॉफ्टवेअर चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो; तोडणाऱ्याची पहिली सूचनाच ती असते. त्याने कुलूप तोडलं ते समाजसेवा म्हणून नव्हे. ज्या यंत्रावर तुम्ही डीमॅटचा पासवर्ड आणि बँकेचा पिन टाइप करता, तिथे कळफलकाची प्रत्येक टकटक टिपणारा प्रोग्रॅम बसला तर वाचवलेले पैसे कुठे जातील? परवान्याचं विंडोज घ्या. चार्टसाठी ब्रोकरच्या संकेतस्थळावरचे फुकट चार्ट बहुतेकांना पुरतात. आणि विंडोजच्या अपडेट विभागात ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये सकाळी आठ ते संध्याकाळी सहा भरा, म्हणजे नऊ-दहाला ते स्वतःहून रिस्टार्ट होणार नाही.

उरली ती शेवटची ओळ, महिनाभरात वसूल. शेअरबाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सचा अभ्यास प्रसिद्ध केला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एक कोटीहून जास्त वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा प्रत्येकी सुमारे दोन लाख रुपये, खर्च धरून. लाखावर नफा काढणारे एक टक्का. त्याच अभ्यासात आणखी एक आकडा आहे: २०२३-२४ मध्ये विदेशी संस्थांच्या नफ्यातला ९७ टक्के आणि स्वतःच्या पैशाने खेळणाऱ्या दलाल-संस्थांच्या नफ्यातला ९६ टक्के भाग अल्गोरिदमने केलेल्या सौद्यांतून आला. म्हणजे वेगाची शर्यत जिंकणारे आहेत, पण त्यांची यंत्रं कोणाच्या गच्चीवरच्या खोलीत नाहीत. टिप्स विकणाऱ्या कंपन्यांवर सेबीने आपल्या इंदुरात किती वेळा कारवाई केली हे ज्यांना आठवतं, त्यांनी हा मजकूर कुठल्या सुरात लिहिला आहे तेही ओळखलं असेल.

मग घ्यायचं काय? मी आज एखाद्या काकांना जोडून द्यायचं झालं तर असं सांगेन. प्रोसेसर आय५-१२४००, एफ नसलेला. त्याच्या एलजीए १७०० सॉकेटनंतर (सॉकेट म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) इंटेल नव्या सॉकेटवर गेली आहे, पण सहा-सात वर्षं पेटी न उघडणाऱ्या माणसाला त्याचं काही नाही. पुढे बदलायची हौस असेल तर रायझन ५ ७६०० आणि एएम५ बोर्ड. एएमडीने हा सॉकेट २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवण्याचा शब्द दिला आहे. फक्त त्याला डीडीआर५ लागते, आणि १२४०० डीडीआर४ च्या बोर्डावरही बसतो, तेव्हा त्या दिवशीचा रॅमचा भाव विचारून ठरवा. १६ जीबी रॅम, ५०० जीबी एनव्हीएमई, ब्राँझचा एसएमपीएस, जाळीचा कॅबिनेट, २४ इंची दोन मॉनिटर किंवा २७ इंचीचा १४४०पी असलेला एकच. आय९-१४९००के च्या एकट्याच्या किमतीत यातला प्रोसेसर, बोर्ड आणि यूपीएस बसतात.

प्रोसेसर सीलबंद डब्यातलाच मागा. ‘ट्रे’चा, म्हणजे डब्याशिवाय सुटा, थोडा स्वस्त मिळतो, पण त्याची जबाबदारी कंपनी थेट घेत नाही, विकणाऱ्यावर राहते. बिल पक्कं, जीएसटीचं घ्या, आणि त्यावर प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस या प्रत्येकाचा सिरियल नंबर लिहून घ्या. नुसतं ‘असेंबल्ड सीपीयू – १ नग’ असं लिहिलेलं बिल घेऊन दोन वर्षांनी सर्व्हिस सेंटरवर गेलात, तर कोणता भाग त्या बिलातला हे तिथे कोणी मानत नाही.